'गोतावळा'ची जुनी प्रत हातोहात फिरवूया. वाचून झाली की इथं लिहा

शिवार_येळ्ळूर

नमस्कार मंडळी. आनंद यादवांची 'गोतावळा' बेळगावात रद्दीच्या दुकानात मिळाली. मुखपृष्ठाचा कोपरा उडालाय. कणा सैल झाला होता, तो खळ लावून, जाड कागद चिकटवून घट्ट केलाय. पानं सगळी आहेत, एकेक उलटून बघितलंय. आधीच्या कुणी वाचकानं शिसपेन्सिलीनं पुष्कळ खुणा केल्यात, त्या तशाच ठेवल्यात.

माझं वाचून झालं. आता ही प्रत कपाटात जाऊ नये असं मनापासून वाटतं. आपल्या सीमाभागातल्या ज्याला हवी त्यानं इथं सांगावं, वाचावी आणि पुढच्याकडं द्यावी. वाचल्यावर काय वाटलं ते लिहायचं, शेवट मात्र फोडायचा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कादंबरी १९७१ सालची. यादव कागलचे, म्हणजे निपाणीपासून वीसेक किलोमीटरवरचे. नारबा नावाचा गडी एका मळ्यात राबतो आणि तोच सगळं सांगतो. त्याला स्वतःचं म्हणावं असं माणूस नाही. मळ्यातली जनावरं हाच त्याचा गोतावळा. मग मालकाच्या डोक्यात ट्रॅक्टर येतो.

आमच्या गोठ्यात सर्जा आणि पाखऱ्या अशी जोडी होती. आज त्या गोठ्यात खताची पोती आणि मोटारसायकल असते. बेंदराला बाजारातून मातीची जोडी आणायची, पाटावर ठेवायची, पोळीचा नैवेद्य दाखवायचा. गावात काही घरी कर्नाटकी बेंदूर करतात, काही घरी महिन्यानं महाराष्ट्रीय बेंदूर. पूर्वी दोन्ही दिवशी बैलांच्या शिंगांना रंग लागलेला दिसायचा. कादंबरी वाचताना माझ्या डोळ्यांपुढं तो गोठाच होता. आपल्या भागाचं इतकं मोठं काहीतरी हातातून गेलं, आणि त्याचं दुःख धड कुणी केलंही नाही, असं मला वाटलं. तुमचं मत ऐकायचं आहे.

टिळकवाडीचा_वाचक

शिवार, चांगलं काम केलंत. मी ही कादंबरी तरुणपणी वाचली होती, आता परत वाचेन. नवी आवृत्ती दुकानात मिळते हेही नवीन वाचकांना सांगून ठेवतो, म्हणजे रांगेत थांबायला नको.

माझ्या लेखी तिचं मोठेपण सांगण्याच्या रीतीत आहे. ग्रामीण कथा-कादंबऱ्यांत पात्रं गावची बोली बोलत, पण 'सकाळ झाली, पाखरं उडाली' हे सांगणारा लेखक बहुधा शहरी, पुस्तकी मराठीतच बोलत असे. म्हणजे पात्रं ओसरीवर आणि लेखक माडीवर. इथं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नारबाच बोलतो. ऊन, पाऊस, वासराचं अंग, कोंबडीचं खुडूक होणं, सगळं त्याच्या तोंडून. त्यानं पाहिलं नाही ते आपल्यालाही दिसत नाही. मालकाच्या मनात काय चाललंय हे त्याला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला कळतं, म्हणून मळ्यात होणारा प्रत्येक बदल आपल्यावरही अचानक येऊन आदळतो.

पेन्सिलीच्या खुणांबद्दल: मला त्या आवडत नाहीत. दुसऱ्यानं अधोरेखित केलेली ओळ आधी डोळ्यांत शिरते आणि आपली वाट बदलते. गणपत गल्लीतलं आपलं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे; तिथं वाढलेल्या माझ्यासारख्या वाचकाला पुस्तकावर रेघ मारणं सहन होत नाही. पुढच्यांनी कृपया काही लिहू नये.

खानापूरची_वाट

खुणा राहू देत, सर. आम्ही रानात राहणारी माणसं. आधी कुणी त्या वाटेनं गेलंय हे कळलं की बरं वाटतं. मला प्रत हवी. बेळगावला बाजारासाठी येणं होतंच, घेऊन जाईन.

निपाणीची_लेक

माझाही नंबर लावा. कागल आमच्या शेजारचं, आईचं माहेर तिकडंच. कोगनोळीचा नाका ओलांडला की कागल. १ नोव्हेंबर १९५६ पासून दोन राज्यं झाली, पण सोयरिकी, बाजार, म्हैस विकणं-घेणं अजून आहे तसंच आहे. एवढ्या जवळच्या माणसाचं पुस्तक मी वाचलेलं नाही, हे मनाला लागलं.

खानापूरची_वाट

वाचून झाली. प्रत निपाणीच्या अक्कांना पोचती केली आहे.

मी जांबोटीच्या वरच्या अंगाचा. आमच्याकडं शेत म्हणजे उतारावरची भाताची वाफ्यावाफ्याची खाचरं. तिथं मोठा ट्रॅक्टर चढत नाही आणि चढला तर वळत नाही. पॉवर टिलर आलाय, पण चिखलणीला, फाळ फिरवायला बऱ्याच घरी बैल अजून आहेत. त्यामुळं मला ही गेलेल्या काळाची गोष्ट वाटलीच नाही. नारबा सकाळी उठून ज्या क्रमानं जनावरांकडं जातो, तो क्रम आमच्या घरात आजही आहे. आधी दुभती, मग कामाची, मग लहान.

आमचा त्रास वेगळा आहे. भीमगड अभयारण्याच्या आसपासच्या गावांत पोटरीला आलेल्या भातात गवे उतरतात. रात्री माळ्यावर जागायचं, सकाळी परत त्याच बैलांना जुंपायचं. पोरं गोव्याला कामाला गेलीत, म्हाताऱ्यांना दोन बैल आणि राखण दोन्ही झेपत नाही. बैल विकले जातात ते यंत्र आलं म्हणून नव्हे, तर दाव्याला हात लावायला घरात माणूस उरला नाही म्हणून. शिवार, तुमच्या येळ्ळूरला आधी बैल गेले असतील. आमच्याकडं आधी माणसं गेली.

नारबा जनावराच्या अंगावरून हात फिरवून त्याला काय होतंय ते ओळखतो, ते वाचताना मला माझा चुलता आठवत राहिला. त्याला वाचता येत नाही. मी रोज रात्री थोडं थोडं वाचून दाखवलं. तो मधेच म्हणाला, "ह्यानं गोठ्यात रात काढल्याली हाय." लेखकाला याहून मोठी पावती मला सुचत नाही.

टिळकवाडीचा_वाचक

व्वा. चुलत्यांना माझा नमस्कार सांगा.

निपाणीची_लेक

आता माझं थोडं लांबेल, माफ करा.

पुस्तक मी एकटीनं वाचलं नाही. आमच्या गल्लीत दुपारी आई, मावशी आणि शेजारच्या बायका विड्या वळायला एकत्र बसतात. पान भिजवलेलं असतं, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा. हात गुंतलेले, पण कान मोकळे असतात. तिथं मी मोठ्यानं वाचायला लागले. पहिल्या दोन पानांतच सगळ्या सरसावून बसल्या, कारण हे पुस्तकाचं बोलणं नव्हतंच, त्यांचंच होतं. मला शाळेत असं बोलल्यावर सुधारायचे. तीच बोली छापलेली बघून मला जे वाटलं ते मी नीट सांगू शकत नाही, पण घसा दाटला आणि थोडा वेळ वाचता येईना.

पण शिवारदादा, तुमच्या दुःखाला आमच्याकडून सरळ होकार मिळाला नाही. मावशी म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते: "बैलावर माया करायला काय जातंय बापय माणसाला? शेण कोण काढतंय? ट्रॅक्टर शेण टाकत न्हाई. त्येला रातच्याला उठून वैरण घालाय लागत न्हाई." यावर सगळ्यांनी मान हलवली. मावशीचं लग्न झालं तेव्हा सासरी दोन बैल, दोन म्हशी, एक गाय. पहाटे शेणघाण, मग पाणी, मग वैरणीचा भारा डोक्यावर, मग शेणी थापायच्या, आणि त्यानंतर रानातलं काम. बाळंतीण असतानाही गोठा सुटला नाही. ट्रॅक्टर आला, बैल गेले, तेव्हा तिच्या कमरेला जरा आराम मिळाला. तिला ते दुःख वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

म्हणजे तिला जनावरांची माया नव्हती असं नाही. म्हैस मेली तेव्हा तिनं दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं. पण बैल म्हणजे घरच्या पुरुषाची शान आणि गोठा म्हणजे बाईचं काम, ही वाटणी तिनं अंगावर सोसली आहे. नारबाचं मात्र तिला कौतुक वाटलं, कारण तो माया करतो आणि शेणही स्वतः काढतो. "ह्यो खरा," म्हणाली.

अजून एक. ज्या पानांवर पेन्सिलीच्या रेघा आहेत, त्या जवळजवळ सगळ्या जनावरांच्या वर्णनाच्या आहेत. बायकांनी मला जिथं "परत वाच" म्हटलं तिथं एकही रेघ नव्हती. टिळकवाडीच्या सरांची क्षमा मागते, पण आईनं माझ्याकडून तिथं बारीक फुल्या मारून घेतल्या.

टिळकवाडीचा_वाचक

फुल्या राहू द्या. तुम्ही सांगितलेलं कारण मला पटलं.

मालकाच्या बाजूनंही थोडं बोलायला हवं, कारण वाचक त्याला लगेच खलनायक करून मोकळे होतात. बैलजोडी बारा महिने खाते आणि नांगरट-पेरणी-वाहतूक धरून काही महिनेच राबते. जोडीसाठी कडब्याचं रान अडकून पडतं, त्याच रानात ऊस किंवा तंबाखू घेतला तर रोख पैसा दिसतो. विहिरीवर इंजिन आलं, कारखान्यांचा ऊस आला, की हिशेब आपोआप ट्रॅक्टरकडं झुकतो. हा मालक मायाहीन असेलच असं नाही. तो बाजाराच्या हिशेबात ओढला गेलेला शेतकरी आहे. आणि तो बाजार त्यालाही सोडत नाही. निपाणीच्याच तंबाखू शेतकऱ्यांनी १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली भावासाठी हमरस्त्यावर ठाण मांडलं आणि ६ एप्रिलला त्यांच्यावर गोळीबार झाला, त्यात शेतकरी मेले. कादंबरीनंतर दहा वर्षांनी. यंत्रावर, खतावर, मजुरीवर रोख खर्च करणारा शेतकरी भाव पडला की कुठं जातो, हे आपल्या जिल्ह्यानं पाहिलं आहे.

निपाणीची_लेक

होय सर. आमच्या गल्लीत ती तारीख सगळ्यांना तोंडपाठ आहे.

हुक्केरीचा_पोरगा

संकेश्वरच्या बसस्टँडवर अक्कांच्या भावाकडून प्रत घेतली आणि आत्ता संपवली. मी या धाग्यावर सगळ्यांत लहान असेन.

माझी शाळा पहिलीपासून कन्नड माध्यमाची. घरात मराठी, बाहेर दोन्ही. देवनागरी हिंदीच्या तासामुळं वाचता येते, पण मराठी पुस्तक हातात घेतलं की दमायला व्हायचं. शब्द ओळखीचे आणि वाक्य परकं, असं काहीतरी. हे पहिलं मराठी पुस्तक जे मी पूर्ण वाचलं. सुरुवातीला हळू, बोट ठेवून, मग मोठ्यानं वाचायला लागलो आणि एकदम आमची आजीच बोलतेय असं झालं. त्यानंतर थांबलोच नाही. मराठी वाचायला न येणं हा माझ्यातला दोष आहे असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. ते ओझं या पुस्तकानं उतरवलं. ज्यांची पोरं कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात आहेत त्यांनी सुरुवातीला अशीच बोलीतली पुस्तकं द्यावीत, असं मी कळकळीनं सांगतो.

माझ्या कन्नड मित्राला मी ही गोष्ट रोज कॉलेजला जाताना बसमध्ये सांगत होतो. त्याच्या घरी अजून शर्यतीची जोडी आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या तेव्हा त्यांनी एक जोडी विकली होती; २०१७ मध्ये कर्नाटकानं कायदा बदलला आणि मे २०२३ मध्ये न्यायालयानं तो मान्य केला, मग त्यांनी परत नवी घेतली. मी गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, आमच्या बैलांना दूध, अंडी, पेंड सगळं आहे, पण शेतात ते एक दिवससुद्धा जात नाहीत. रानात ट्रॅक्टरच. मग मी त्याला विचारलं, बैलांना सांभाळतो कोण? म्हणाला, एक माणूस ठेवलाय.

त्या माणसाबद्दल मला अजून विचारायचं होतं, पण त्याला जास्त माहिती नव्हती.

सालगड्याचा_नातू

हुक्केरीच्या भावानं मुद्द्याला हात घातला, म्हणून लिहितोय. पुस्तक माझ्याकडं आहे. मी चिकोडी भागातला.

माझे आजोबा एका मळ्यात सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचं. वर्षाचं धान्य, कपड्याचे जोड, पायात चप्पल, पांघरायला घोंगडं आणि थोडी रोख रक्कम. ती रोख बहुतेक वेळा आधीच उचल म्हणून घेतलेली असायची, म्हणून पुढचं सालही तिथंच. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली आला, 'गोतावळा' त्याच्या पाच वर्षं आधीची. आजोबांच्या साली त्यानंतरही चालू राहिल्या, कारण कागदावर त्यांना कुणी बांधून ठेवलं नव्हतं.

मी वरचं सगळं वाचलं. बैल गेले, गोठा रिकामा झाला, बेंदूर मातीवर आला, हे सगळं खरं आहे. पण हे दुःख बैलांच्या मालकाच्या घरातून दिसणारं आहे. नारबाचं एकही जनावर नारबाचं नाही, हे वाचताना माझ्या मनातून क्षणभरही गेलं नाही. ज्यांना तो गोत म्हणतो त्यांतलं कुठलं ठेवायचं, कुठलं विकायचं, यात त्याला कुणी विचारत नाही. तो त्यांना पोटच्या पोरासारखं वाढवतो आणि त्यांच्या जगण्यामरण्यावर त्याचा शब्द नाही. मळ्यावरही नाही. बैल उपयोगाचा नाही असं ठरवणारा हिशेब एक दिवस गड्यालाही लागू होतो, आणि नारबा शब्दांत न मांडता ते आपल्याला दाखवत जातो. मला ही कादंबरी बैलांची वाटतच नाही. एक माणूस दावणीला उभा आहे आणि त्याला ते माहीत आहे, अशी ती मला दिसली.

आजोबा मालकाच्या बैलांवर जीव टाकायचे. लहानपणी मला राग यायचा, आपल्या घरात दूध नाही आणि हे दुसऱ्याच्या वासराला चाटायला मीठ देतात. पुस्तक वाचून तो राग गेला. दिवसभर त्यांच्याशी 'तू' म्हणून न बोलणारं, त्यांना हाक मारली की वळून बघणारं, तेवढं एकच घर होतं त्यांना.

शिवार, तुम्ही बैलांची नावं लिहिलीत. सर्जा-पाखऱ्याला वैरण कोण घालत होतं, ते सांगाल का? भांडण म्हणून विचारत नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय.

निपाणीची_लेक

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आपण फुल्या मारल्या त्या ह्याच जागा.

शिवार_येळ्ळूर

दादा, प्रश्न योग्य आहे. आमच्याकडं गडी नव्हता. जमीन थोडी, वडील आणि चुलते स्वतः राबायचे, आई आणि काकू गोठा बघायच्या. आमच्या बाजूला भातशेती, तुकडे लहान. धूळवाफेवर कुरीनं पेरणी, मग कोळपणी, भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा. एकाची जोडी दुसऱ्याच्या रानात जायची, त्याचा पैरा फेडायचा. तुमच्याकडच्या बागायती मळ्यांसारखं बारमाही काम आणि बारमाही गडी, हे मी घरात पाहिलेलं नाही. त्यामुळं तुम्ही वाचलेलं पुस्तक आणि मी वाचलेलं पुस्तक यांत एवढं अंतर पडलं.

पण आमच्याच गावात मोठ्या जमिनीच्या दोन-चार घरी गडी होते हे वडील सांगतात. ट्रॅक्टर आल्यावर त्यांतले काही बेळगावात हमाली करायला गेले, काही उद्यमबागच्या कारखान्यांत लागले. त्यांची मुलं आज गावात आहेत. त्यांच्याशी मी या निमित्तानं बोलणार आहे, आणि त्यांची परवानगी असेल तर इथं लिहीन. प्रत त्यांच्यापर्यंत जावी अशी माझी इच्छा आहे. दादा, तुमचं झालं की आधी ती इकडं पाठवाल का?

सालगड्याचा_नातू

पाठवतो. माझे वडील वाचतायत, त्यांची होऊ दे. ते रोज दोन-तीन पानंच वाचतात आणि मग बराच वेळ बोलत बसतात. आजोबांबद्दलच्या कितीतरी गोष्टी मला आत्ता कळायला लागल्यात.

टिळकवाडीचा_वाचक

एक सुचवतो. हिवाळ्यात आपल्या भागात कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा अशी गावोगावची साहित्य संमेलनं होतात. दिंडी निघते, भाषणं होतात, कविसंमेलन होतं. त्यांतल्या एखाद्या ठिकाणी एक तास मागून घेऊया आणि या एकाच पुस्तकावर, ज्यांनी ते वाचलं किंवा ऐकलं त्यांनीच बोलायचं. प्राध्यापक नकोत, मीही नको. खानापूरचे चुलते, निपाणीच्या मावशी, चिकोडीच्या दादांचे वडील.

खानापूरची_वाट

चुलता येईल. संध्याकाळी जनावरं बांधायला परत पोचता आलं पाहिजे, एवढंच.

हुक्केरीचा_पोरगा

मी माझ्या मित्रालाही आणतो. जमलं तर त्यांच्या बैलांना सांभाळणाऱ्या मामांनाही. मी त्यांना भेटून आलो. पुस्तकाचं सांगितलं, तर म्हणाले, कन्नडमध्ये सांगशील तर ऐकतो. सांगायला सुरुवात केली आहे.

निपाणीची_लेक

कारदगा आम्हाला जवळ पडेल. मावशीला विचारलं, ती तयार आहे, पण माईकवर नाही, बसून बोलणार म्हणते. आणि दुपारी ठेवा, जेवणाच्या आधी. विड्यांचा माल संध्याकाळी द्यायचा असतो, त्या दिवसाचा रोज बुडाला तर बाकीच्या बायका येणार नाहीत.